राखण

२ फेब्रुवारी २००६, हिंगोली

घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आज गेली. सकाळी वीज आल्यावर बटण दाबलं तर आतून नुसती टकटक, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. नानांनी वर्षभर एका बोटानं टाइप केलेलं सगळं तिच्यात होतं. आखाडा बाळापूरच्या शाळेत हेडमास्तर असतानाच्या त्यांच्या आठवणी. मी त्यांची लेक, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, दुपारी क्लासमध्ये पोरांना हेच शिकवणारी. आणि घरात एक कॉपी काढलेली नाही.

नाना रागावले नाहीत. "जाऊ दे दीक्षा, पुन्ना लिहीन. मला दुसरं काय काम हाय?" म्हणाले आणि चहा टाकायला उठले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

११ फेब्रुवारी

नवी डिस्क बसवली. कॉपी ठेवायला आणखी एक हवी, असं मी चाचरत म्हटलं, तर नाना स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले. बॅकअपचे प्रोग्राम विकत मिळतात, पण ते सगळे मोठ्या ऑफिसांसाठी. मला हवंय ते साधं आहे: दिवसभरात ज्या फायली बदलल्या, तेवढ्या रोज आपोआप दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसाव्यात. मीच लिहिते. दुपारी क्लास असतो, लोडशेडिंगची वेळ रोज बदलते, त्यामुळे सकाळी जी दोन-अडीच तास वीज मिळेल तेवढीच माझी.

प्रोग्रामचं नाव 'राखण' ठेवलं. ज्वारी भरात आली की माळ्यावर बसून पाखरं हाकायची, ती राखण. नानांना नाव फार आवडलं.

९ मार्च

राखण चालते. मुद्दाम नानांची एक फाइल पुसली आणि परत आणून दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, खरंच, लहान पोरासारख्या.

क्लासमधली एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे विकत का नाही देत? नानांना सांगितलं तर गंभीर झाले. "विद्या विकायची न्हाई. तुला शिकवलं ते काय त्यासाठी? इंटरनेटवर ठेव, ज्याला पायजे तो घेईल." पटलं. घरून इंटरनेट लावलं की फोन अडतो, आणि आयुषचा फोन आला तर, म्हणून नानांना ते चालत नाही. स्टेशन रोडच्या कॅफेत जाऊन चढवलं.

आयुष माझा धाकटा भाऊ. बंगळूरला असतो. त्याचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही रविवारी.

२ एप्रिल

ब्राझीलहून एकाचा मेल आला, पोलंडहून एकाचा. पोलंडवाल्यानं सगळी बटणं त्याच्या भाषेत करून पाठवली आहेत. दोघंही मला 'डिअर सर' लिहितात. दुरुस्त करणार होते, केलं नाही. इथं मी मास्तरांची पोरगी आहे, क्लासमधली मॅडम आहे, आईमागं घर सांभाळणारी शहाणी मुलगी आहे. आई जाऊन पाच वर्षं झाली. कुठंतरी नुसतं 'सर' असायला मजा वाटली.

१६ एप्रिल

जयंतीच्या दिवशी नानांनी मंडपात भेटेल त्याला सांगितलं, माझ्या लेकीनं कॉम्प्युटरचा प्रोग्राम केला, जगात वापरतात, फुकट देते. कालपासून दाराला रीघ आहे. वकील आले, खतबियाणांचे दुकानदार आले. अकोला रोडवरच्या फोटो स्टुडिओचा मोहनसिंग राठोड तर कॉम्प्युटरच मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. "ताई, लग्नाचे फोटो राहतेत ह्याच्यात. राखण बसवून द्या." सगळ्यांना बसवून दिलं. कुणाचं काही अडलं की नाना म्हणतात, कधीबी या, दीक्षा घरीच असते.

७ मे

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा मेल. अनुश्री नावाच्या बाईंनी लिहिलंय. राखण वापरून पाहिली, आतलं लिखाण नीट आहे, भेटायला याल का? वीस तारीख दिली आहे.

कॅफेतून घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. नानांना सांगितलं. ते मेथी निवडत होते. "चांगलं हाय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लई चांगलं हाय." जेवताना मला स्वतः वाढलं आणि भाकरीवर तूप जास्त घातलं.

१९ मे

आज रात्रीच्या गाडीचं आरक्षण होतं. बॅग भरलेली. सकाळी नाना पलंगावरून उठेनात. छातीत कळा, घाम. रिक्षानं दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक आहे. डॉक्टर म्हणाले ऊन आहे, पित्त असेल, जपा. पण त्यांना असं सोडून कशी जाणार? पुण्याला मेल केला की येऊ शकत नाही. त्यांनी लगेच कळवलं, काळजी घ्या, पुढची तारीख फोनवर ठरवू, नंबर द्या. दिला.

संध्याकाळी नानांना बरं वाटलं. पिठलं त्यांनीच केलं.

आयुषला कळवलं तर म्हणतो, "औरंगाबादच्या नोकरीच्या टायमालाबी असंच झालं व्हतं ना गं?" मला संताप आला. तिकडं बसून बोलायला काय जातं. मी म्हटलं, तू ये आणि बस त्यांच्यापाशी. 

१४ जून

पुण्याहून फोन नाही. क्लासवरून आले की विचारते, कुणाचा फोन? आज नाना म्हणाले, आला व्हता एक, राँग नंबर.

२१ जून

आजही राँग नंबरच. त्या लोकांना दुसरं कुणी मिळालं असेल. मिळायचंच. मी तरी काय, एक प्रोग्राम लिहिला, तोही फुकटातला.

१८ जुलै

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. सकाळी वीज येते, मी बसते. कुणाची डिस्क भरली, कुणाला जुनी फाइल हवी, पोलंडवाल्याला नवीन सोय हवी. दुपारी क्लास. संध्याकाळी दारात कुणीतरी कॉम्प्युटर घेऊन उभा. फुकट दिलेल्या गोष्टीची सुट्टी घेता येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेतले असते तर पैसे परत करून मोकळी झाले असते.

नांदेडचं एक स्थळ आलं होतं. नानांना मुलगा पसंत नाही. उंची कमी आहे म्हणाले. मी पाहिलाच नाही, तेव्हा काय सांगू.

आज क्लासमधल्या पोरांना विंडो म्हणजे काय ते समजावता समजावता मध्येच थांबले. काय बोलत होते तेच आठवेना. पोरं हसली.

२२ ऑगस्ट



सकाळी मोहनसिंग आला. त्याची डिस्क गेली होती. त्याला चिंता नव्हती, उलट हसत होता. "राखण हाय ना ताई. काढून द्या." दुसरी डिस्क लावली. जानेवारीपासूनची लग्नं होती, बारशी होती. मेमधलं एक लग्न नव्हतं. अख्खं फोल्डरच नव्हतं.

तासाभरात कारण सापडलं. राखण फायलींची नावं रोमन लिपीतली धरून चालते. मोहनसिंगनं बाकीच्या फोल्डरांना नुसत्या तारखा दिल्या होत्या. हे लग्न त्याच्या तांड्यातलं, घरचं, म्हणून त्यानं हौसेनं मराठीत नाव टाइप केलं: 'देवलाचं लग्न'. मराठी अक्षरांच्या जागी राखणला प्रश्नचिन्हं दिसली. तिनं ते फोल्डर रोज वगळलं, आणि रोज खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं: काम पूर्ण झाले. पोलंडवाल्याची नावं चालली, ब्राझीलवाल्याची चालली. मराठी चाललं नाही. मी स्वतः कधी मराठीत नाव देऊन पाहिलंच नव्हतं.

मोहनसिंग खाली बसला. "ताई, त्या लग्नाचे फोटो अजून धुवायचेच व्हते. देवलाचा भाऊ, अमरसिंग... लग्नानंतर महिन्यानं कनेरगाव नाक्यावर ट्रकखाली गेला. त्याच्या बापाला म्या कालच म्हणलो, पोराचा मोठा फोटो करून देतो."

२३ ऑगस्ट

अमरसिंगचे वडील रतनसिंग आले. पांढरं धोतर, हातात काठी. ओट्यावर बसले. मी बाहेर आले आणि सगळं सांगितलं, चूक माझ्या प्रोग्रामची आहे, मोहनसिंगची नाही. त्यांना अर्ध्या गोष्टी कळल्या नसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटो हायेत का न्हाई बाई?"

"जुन्या डिस्कमध्ये असतील. पण ती मेलीय."

"सगळीच मेली का?"

मी म्हटलं, पाहते. नानांनी त्यांना चहा दिला, शेजारी बसले, शाळेतल्या गोष्टी काढल्या. दुपारभर दोघं तसेच बसून होते.

२९ ऑगस्ट

डिस्क अगदीच मेलेली नाही. थंड असेपर्यंत थोडं वाचते, तापली की गप्प होते. कुठली फाइल कुठं ठेवली याची तिच्यातली नोंद पार गेलीय, पण फोटो जागेवर असणार. प्रत्येक फोटोची सुरुवात सारख्याच खुणेनं होते. मी नवा प्रोग्राम लिहितेय: डिस्क तुकड्या-तुकड्यानं वाचायची, खूण दिसली की तिथून फोटो कापून घ्यायचा. क्लासला सुट्टी टाकली.

नाना टेबलफॅन डिस्कवर धरून बसतात. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालतात. कॉम्प्युटरला लावायची बॅटरी भरून आणतात, खिचडी टाकतात, दारातल्या माणसांना परत पाठवतात. "आज काम चालू हाय, उद्या या." इतक्या उत्साहात मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कालची गोळी घ्यायलाही विसरले, आणि काही झालं नाही.

६ सप्टेंबर

फोटो निघू लागले. आधी अर्धे, खाली राखाडी पट्टे. मग पूर्ण. हळदीचे, वरातीचे, जेवणाच्या पंगतीचे. क्रम नाही, कुणाचं नाव नाही. नवरी रडतेय, पुढच्यात हसतेय, त्याच्या पुढच्यात तिला अजून हळदही लागलेली नाही.

रतनसिंगांना बोलावून घेतलं, मोहनसिंगच त्यांना घेऊन आला. ते पडद्यासमोर खुर्चीवर बसले, मी एकेक पुढं सरकवत गेले. एका फोटोवर त्यांनी काठी उचलली. "थांबा."

निळा शर्ट घातलेला पोरगा हलगीवाल्यांच्या मध्ये नाचत होता. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले.

"हसून राहिला," ते म्हणाले.

मोहनसिंग तोंड फिरवून दाराकडं गेला.  जाताना रतनसिंगांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

ते गेल्यावर नाना म्हणाले, "बघ. तू पुण्याला असतीस तर ह्या माणसाला कोण व्हतं?" खरं आहे. मी आत जाऊन रडले. आनंदानंच असेल.

मोहनसिंग डिस्क न्यायला संध्याकाळी परत आला. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "राग नका धरू ताई, पण तुमी इथं काहून बसल्या? आमच्या तांड्यातली अडाणी पोरं पुण्याला जाऊन राहिली." मी म्हटलं, नानांची तब्येत. तो म्हणाला, "मास्तर तर माझ्यापेक्षा ठणठणीत हायेत."

१९ सप्टेंबर

राखण आता मराठी नावं घेते. काही वगळलं तर हिरव्या अक्षरांत खोटं बोलत नाही, लाल अक्षरांत सांगते काय राहिलं. नव्या आवृत्तीबरोबर इंटरनेटच्या पानावर सगळी हकिगत लिहिली. काय चुकलं, कुणाचं नुकसान होणार होतं, फोटो कसे काढले. फोटो काढायचा प्रोग्रामही तिथंच ठेवून दिला.

२७ सप्टेंबर

पुण्याच्या अनुश्रीबाईंचा मेल. कॅफेत छापून घेतला, समोर आहे. लिहितात: तुमच्या पानावरची हकिगत आमच्या इथं सगळ्यांनी वाचली. स्वतःची चूक इतकी सरळ सांगणारं माणूस आम्हाला हवंच आहे. मुलाखतीची गरज नाही. दसऱ्यानंतर या. लग्नानंतरही हे काम चालू ठेवलंत याचं विशेष वाटलं. जूनमध्ये मी दोनदा फोन केला, तेव्हा तुमचे वडील म्हणाले होते की लग्न ठरलंय आणि तुम्ही नोकरी करणार नाही. आता विचार बदलला असेल तर जरूर कळवा.

बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय. दुसऱ्या कुणाच्या घरी लागला असेल फोन. आमची लाइन जूनमध्ये खरखरतच होती.

२८ सप्टेंबर

लाइन खरखरत नव्हती. जूनमध्ये मी आयुषशी बोलले तेव्हा स्वच्छ ऐकू येत होतं.

नाना सूप घेऊन डाळ पाखडत होते. मी समोर बसले.

"नाना, माझं लग्न कुणाशी ठरलं व्हतं?"

सूप थांबलं. "कोण म्हणलं?"

"पुण्याच्या बाईंनी लिहिलंय."

त्यांनी डाळीतला एक खडा काढला, बाजूला ठेवला. मग दुसरा शोधू लागले. सापडेना.

"व्हय. म्या सांगितलं तसं."

"काहून?"

"आयुषला म्याच म्हणलो, जा. तो गेला. तुझी आई गेली. सहा वाजले की ह्या घरात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुझ्या गाडीचा हॉर्न गल्लीत वाजला की मला कळतं, आजचा दिवस झाला. तेवढंच हाय मला, दीक्षा."

"आणि छातीत दुखलं ते?"

"दुखलं व्हतं. आईची शपथ, खरंच दुखलं व्हतं."

मला वाटतं, तेही खरं असावं. डॉक्टरांच्या पट्टीवर येत नाही असंही काही दुखत असेल. औरंगाबादच्या वेळीही दुखलं असेल. नांदेडच्या मुलाची उंचीही दुखली असेल. मी भांडायला बसले होते आणि माझ्याच्यानं भांडण झालं नाही. उठून डाळ शिजायला घातली. दोघं जेवलो. कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

एक प्रश्न मात्र जात नाही. आयुषला एका वाक्यात कळलं, मोहनसिंगला दारातून कळलं. मला कसं कळलं नाही? रोज घरात मीच होते.

३० सप्टेंबर

पुण्याला कळवलं: येते. नानांना विचारलं नाही, सांगितलं. "बरं," म्हणाले. तूप जास्त घातलं नाही. मला ते बरं वाटलं.

८ ऑक्टोबर, पुणे

काल निघाले. सकाळची गाडी होती. नाना स्टँडवर सोडायला आले, त्यांच्या हातात कापडी पिशवी. मला वाटलं डबा असेल. मी खिडकीशी बसले, तर ते चढून माझ्या शेजारी येऊन बसले. म्हटलं, गाडी सुटायला वेळ आहे, बसू देत. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. पुण्याचं.

"नाना, हे काय?"

"म्याबी येतो." चेहरा फुललेला. "एकटी पोरगी, परकं गाव. दोन खोल्या घेऊ. तू कामाला जा, स्वयपाक माझ्याकडं. घराला कुलूप लावून आलो. किल्ली शेजारी दिली." पिशवीत दोन सदरे, टॉवेल, गोळ्या. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. पुण्यात बाजार जवळ पाहिजे, जिना नको. मी संध्याकाळी कधी येईन तेही विचारलं.

मी ऐकत होते आणि मला ती खोली दिसत होती. तिच्यातला पलंग, दारात बसलेले नाना, सहा वाजता माझ्या वाटेकडं डोळे. उशीर झाला की छातीवर गेलेला हात. पुणं असेल, पण खोली हिंगोलीचीच असेल. हो म्हणणं किती सोपं होतं. तोंडात आलंच होतं.

"नाना, उतरा."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा म्हटलं.

"तिकीट काढलंय म्या."

"उतरा, नाना. मी दिवाळीला येते. पण आत्ता तुमी उतरा."

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. तिला मी कशी दिसले असेन, म्हाताऱ्या बापाला गाडीतून उतरवणारी! कंडक्टर म्हणाला, "मास्तर, काय ठरलं? गाडी सुटून राहिली." नानांनी माझ्याकडं पाहिलं. चुकलेल्या पोराकडं पाहावं तसं नाही. चुकल्यावर पोरं त्यांच्याकडं पाहत असतील, तसं. मग पिशवी उचलली आणि सीटचे दांडे धरत धरत दारापर्यंत गेले.

खाली उतरल्यावर खिडकीपाशी आले. मला वाटलं काही बोलतील. "पाणी घेतलंस का?" म्हणाले. घेतलं होतं, तरी मी नाही म्हटलं. ते धावत जाऊन बाटली घेऊन आले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बाटली सोडायला थोडा उशीर केला. चार पावलं गाडीबरोबर चालले.

औंढ्याच्या पुढं जाईपर्यंत मी बाटली मांडीवर धरून बसले होते. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. भीती वाटत होती, आणि भूक लागली होती.

९ ऑक्टोबर

वसतिगृहाच्या कोपऱ्यावर काचेचं पीसीओ आहे. कामावर जाण्याआधी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"जेवलात का काल?"

"जेवलो. भाजी केली व्हती."

"कशाची?"

"वांग्याची. तू?"

"मेसमध्ये."

"बरं हाय का?"

"तिखट कमी असतं."

 मागं घरातला पंखा ऐकू येत होता, म्हणजे वीज होती. "ठेव आता, मीटर पळून राहिलं," नाना म्हणाले. मी हो म्हटलं. ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, नीट, सावकाश. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पीसीओवाल्यानं बाहेरून काच वाजवली. माझ्या मागं माणसं खोळंबली होती.